थोरल्यांचं हाड

ताटात हाड पडलं तेव्हाच कनिशायला कळलं, की घरात कुणीतरी तिच्या पगाराचा आकडा बोललंय.

साधंसुधं हाड नव्हतं ते. कमरेचं होतं, जम्बश. मेंढी कापली की जम्बश कुणापुढे जाणार हे तिच्या जन्माच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. साठी ओलांडलेल्या मानाच्या बायकांपुढे, नाहीतर लांबून आलेल्या पाहुण्यापुढे. एकोणतीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोरीच्या वाट्याला बरगडीचा तुकडा यायचा आणि त्यात ती सुखी असायची. पण आज तिच्या मधल्या काकांची बायको, रायकान जेंगे, परात घेऊन खोलीभर फिरली, कनिशायपुढे येऊन थांबली आणि दोन्ही हातांनी ते वाफाळतं हाड तिच्या ताटात ठेवलं.

"घे गं खाणीच्या राणी," ती म्हणाली. "दमून आलीयेस."

शेजारी कनिशायची आई साइरा बसली होती. तिच्या ताटात बरगडी होती. लेकीपुढे जम्बश आणि आईपुढे बरगडी, असं या घरात कुणी पाहिलं नव्हतं. साइरानं ते पाहिलं आणि मान वळवून मधे अंथरलेल्या दस्तरखानावरच्या सुक्या जर्दाळूंकडे इतकं लक्ष देऊन बघू लागली, जणू ते पहिल्यांदाच पाहतेय.

घर तोकोन आबांचं होतं. आबा म्हणजे कनिशायच्या वडलांचे सर्वांत थोरले भाऊ, भावकीतला शेवटचा शब्द. त्यांची बायको अल्लाघरी गेल्यापासून त्यांच्या घरचं जेवण रायकान जेंगेच करायची, आणि वाटणीही तिच्याच हाती आली होती. आज सगळे जमले होते ते तिच्याच मुलाच्या, एल्दियारच्या, लग्नाचा कोशुमचा, म्हणजे भावकीची वर्गणी, ठरवायला. प्रत्येक घरानं लग्नात किती वाटा घालायचा हे आबांनी सांगायचं, आणि एकदा त्यांच्या तोंडून निघालं की त्यावर घासाघीस नाही. आजवर कनिशायचा वाटा तिच्या वडलांच्या वाट्यातच धरला जायचा. जम्बश ताटात पडलं याचा अर्थ आजपासून तो वेगळा धरायचा, आणि थोरल्यांच्या मापानं.

दाराशी समोवारापाशी गुलसुन एजे चहा ओतत होती. ती आबांची सर्वांत धाकटी बहीण, कनिशायची आत्या. सासर सोडून आलेल्या बहिणीची जागा दाराशीच असते. एजे प्रत्येक प्याला अर्धाच भरत होती. अर्धा भरलेला प्याला म्हणजे बसा, बोला, अजून ओतते. काठोकाठ भरलेला म्हणजे झालं, आता उठा. या तळ्याकाठी एवढं लहान मुलालाही कळतं.

कनिशायनं तिच्याकडे पाहिलं. एजेनं हाड पाहिलं होतं. तिच्या हातातल्या चहादाणीची धार क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

आकडा कनिशायनं कुणालाही सांगितला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी ती वरच्या खाणीत लागली. पंधरा दिवस वर, पंधरा दिवस खाली. वर म्हणजे ढगांच्याही वर, जिथं नवखा माणूस चार पावलं चालला की दगडावर बसतो. तिथं ती दगडाचा ट्रक चालवते, ज्याचं एकेक चाक दोन माणसांएवढं उंच. पहिला पगार कार्डावर जमा झाला तेव्हा तिनं तो मुद्दाम रोख काढला, पाकिटात घातला आणि रीतीप्रमाणे सरळ आबांपुढे ठेवला. आबांनी पाकिटात डोकावून पाहिलं नाही. दोन्ही तळवे वर करून आशीर्वाद म्हटला, चालीवर, सावकाश, तिच्या चाकांना घसरण नको, तिच्या डोळ्यांना झोप नको, तिच्या कमाईला तिच्यापेक्षा गरजवंताची वाट सापडो, असा. सगळे आमीन म्हणाले. मग पाकिटात दोन बोटं घालून त्यांनी न बघताच एक नोट ओढून घेतली, रुमालाच्या टोकाला गाठ मारली आणि पाकीट परत दिलं. किती, असं त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

बाकीच्यांनी मात्र आपापला आकडा तयार केला. तिचे वडील जेक्शेन यांनी चौकातल्या गॅरेजपाशी बसून दीड लाख सोम सांगितले, कारण मुलीनं ट्रक चालवायला घेतला म्हणून दोन वर्षं जी मंडळी हसली होती त्यांची तोंडं बंद करायला एवढा तरी आकडा हवाच होता. आईनं नजर लागेल म्हणून पस्तीस हजार सांगितले. रायकान जेंगेची भाची खाणीच्या भटारखान्यात भांडी घासते, तिनं नव्वद सांगितले. तिन्हींपैकी एकही खरा नव्हता.

आणि खरा आकडा सांगायचा म्हटलं तरी तो एकटा जात नाही. त्याच्यामागून वजाबाकी येते. लेक घरी एवढे देते, नवा कोट घेतलेला नाही, छपराचे पत्रे तेच आहेत, मग उरलेले कुठं जातात? ते जिथं जात होते ती जागा काराकोलच्या बाजारामागे होती. तिथं एक खोली होती, दोन शिलाई मशिनी होत्या, आणि त्यांच्यामागे गुलसुन एजे बसली होती.

एजेनंच तिला वडलांच्या जर्दाळूंच्या ट्रकवर गाडी चालवायला शिकवलं होतं. अकरा वर्षं एजे तळ्याच्या पलीकडे सासरी राहिली, आणि त्यात दोनदा बोचकं घेऊन माहेरी आली. दोन्ही वेळा आबांनी तिला स्वतःच्या गाडीत घातलं आणि परत नेऊन सोडलं. घर मोडू नये, एवढंच ते म्हणाले होते. तिसऱ्यांदा, गेल्या हिवाळ्यात, ती माहेरी आलीच नाही, सरळ काराकोलला उतरली. शिवणकामावर माझं भागतंय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मशिनी कनिशायच्या पैशांच्या होत्या आणि खोलीचं भाडंही. पुढचा वसंत येईपर्यंत जम बसेल, तोवर कुणाला सांगू नकोस, असं एजे म्हणाली होती. गेल्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं निरोप धाडला होता, मी न्यायला तयार आहे म्हणून. भावाच्या लेकीच्या जिवावर बसलीय हे आज कळलं असतं, तर आबांनी गाडीची किल्ली हातात घेतली असती.

जेवण अर्धं झाल्यावर रायकान जेंगेनं विषय काढला. आधी गालिचे किती महागलेत ते झालं, मग नवरीकडच्या मंडळींचं तोंड किती मोठं आहे ते झालं, आणि मग ती जेक्शेनकडे वळली.

"भाऊजी, तुम्ही चौकात सगळ्यांना सांगता म्हणून मला विचारायचा धीर होतोय. दीड लाखवाल्या लेकीकडून लग्नाच्या पंगतीला अख्खं घोडं नाही, तर निदान घोड्याची मागची तंगडी तरी येईल की नाही?"

"दीड लाख?" साइरा म्हणाली. तिचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं दीड लाख?"

जेक्शेन दाढी खाजवू लागले.

"कारण मला तू पस्तीस सांगितले होतेस, साइरा," रायकान गोडपणे म्हणाली. "विहिरीपाशी. शपथ घ्यायला निघाली होतीस, मीच नको म्हटलं. आता नवरा-बायकोच्या मध्ये एक लाख पंधरा हजार सोम हरवलेत, तेवढे सापडले तर माझ्या एल्दियारचं लग्न त्यातच उरकेल."

लोक हसले. कनिशायलाही हसू आलं, कारण जेंगेचं गणित बरोबर होतं. आईचे कान मात्र लाल झाले होते.

"आणि मधला भाऊ, तुझा नवरा, रशियात इमारती बांधतो," जेक्शेन म्हणाले, "तो दर महिन्याला किती पाठवतो ते तू कधी विहिरीपाशी सांगितलंस, रायकान?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तो परक्या मुलखात हाडं झिजवतो. त्याचा पैसा मोजला की कमी होतो."

"म्हणजे आमच्या पोरीचा मोजला की वाढतो."

यावर पुन्हा हशा झाला, पण या खेपेला दोन गट पडून. जेंगेच्या बाजूचे हसायचे थांबले, आणि मघाशी गप्प असलेली जेक्शेनच्या बाजूची मंडळी हसली. बोलणं वाढलं असतं, पण आबांनी हातातली सुरी ताटाच्या कडेला ठेवली. तेवढा आवाज पुरला.

"पोरगी इथं बसलीय," आबा म्हणाले. "तिलाच विचारा ना. कनिशाय, लेकी, सांगतेस का?"

भरलेला ट्रक उतारावर घालायचा तर गिअर उतार सुरू होण्याआधी निवडायचा असतो. मध्यावर गेल्यावर निवडू म्हणणारा तळाशी सापडतो. कनिशायनं तो ताटात हाड पडलं तेव्हाच निवडला होता. आता फक्त पाय स्थिर ठेवायचा होता.

ती उठली. दोन्ही हातांनी ते जम्बश उचललं आणि गुडघे दुमडून बसलेल्या माणसांच्या मागून, भिंतीच्या कडेकडेनं, दाराशी गेली. गुलसुन एजेपुढे ताटच नव्हतं, ओतणाऱ्यांचं शेवटी असतं. कनिशायनं एक रिकामी थाळी ओढली आणि हाड त्यात ठेवलं.

"अगं, ते तिचं नाही," मागून रायकान म्हणाली.

"माझंही नव्हतं, जेंगे. तुम्ही देताना मी काही बोलले का?"

एजेचा चेहरा पांढरा पडला होता. समोवाराच्या आडून ती अगदी हळू म्हणाली, "सांगणार आहेस?"

"आबांना. एकट्या आबांना. तू नको म्हणालीस तर मी जाऊन बसते आणि घोडं कबूल करते."

एजेनं चहादाणी खाली ठेवली. त्या थाळीकडे तिनं पाहिलं. सासरी अकरा वर्षं तिला बरगडीसुद्धा मोजूनमापून मिळाली होती. मग तिनं झग्याला हात पुसले.

"आकडा तुझा आहे, तो तू सांग. पुढचं माझं आहे. ते मी सांगते."

कनिशाय वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबा, सांगते. पण तुम्हाला एकट्याला. माझं पाकीट तुम्ही न मोजता परत दिलं होतंत, म्हणून."

अंगणात सफरचंदाचं झाड फळांनी वाकलं होतं. पलीकडे तळं दुपारच्या उन्हात निळंशार पसरलं होतं. आबा झाडाखालच्या ओंडक्यावर बसले. कनिशायनं आकडा सांगितला. एकच, स्पष्ट, पुढेमागे काही न लावता. आबांनी मान हलवली. आकडा त्यांना मोठा वाटला की लहान, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"यातले निम्म्याहून थोडे कमी माझ्याकडे येतात, भाऊ," गुलसुन एजे म्हणाली. ती उभीच होती. "मशिनी तिच्या, भाडंही तिचं. शिवणावर भागतंय म्हणून मी खोटं सांगितलं. दोनदा मी तुमच्याकडे आले आणि दोनदा तुम्ही मला गाडीत घालून सोडून आलात. तिसऱ्यांदा मी गाडीची वाट पाहिली नाही."

कोंबड्या पायांत आल्या, गेल्या. आयुष्यभर या माणसानं लग्नांत, मयतांत, जत्रांत बसून कोमुझच्या तारांवर लोकांना शहाणपण गाऊन सांगितलं होतं. आज त्याला गाण्याविना बोलायचं होतं.

"दुसऱ्यांदा सोडायला गेलो तेव्हा," शेवटी ते म्हणाले, "तू मागच्या सीटवर बसली होतीस. घाट संपेपर्यंत तू रडत होतीस, आणि मी आरशातून बघत होतो. परत फिरायला जागा होती. रस्ता रुंद होता." ते थांबले. "घरी येऊन मी वर्षभर कोमुझ हातात धरला नाही. लोकांना वाटलं, बोटं आखडलीत."

एजेनं तोंड फिरवलं.

"त्याचा निरोप आलाय," ती तळ्याकडे बघत म्हणाली.

"माझ्याकडेही आला. उत्तर मी देतो. गाडी विकलीय असं कळवतो."

गाडी तर कुंपणापाशीच उभी होती, नुकतीच धुतलेली. कनिशायनं ओठ दाबले.

"भागतं का गं खरोखर?" आबांनी विचारलं.

"या महिन्याचं भाडं माझ्या कमाईतून दिलं," एजे म्हणाली. "पहिल्यांदाच. तिला अजून सांगितलं नव्हतं. आज रात्री सांगणार होते."

कनिशायनं चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे आकडे लपवणारी ती एकटीच नव्हती.

आबांनी छातीजवळच्या खिशातून रुमाल काढला. टोकाची गाठ आठ महिन्यांत घट्ट झाली होती, त्यांनी ती दातानं सोडवली. आतली नोट चौघडी होऊन मऊ पडली होती. "हिच्या पहिल्या पगारातली," ते म्हणाले आणि बहिणीच्या हातात ठेवली. "दर जुम्म्याला मी मागत होतो, हिच्या कमाईला वाट सापडू दे म्हणून. वाट कुठं जातेय ते मला कळत नव्हतं, त्याला कळत होतं. मशिनीच्या खणात ठेव."

तिघं आत आली तेव्हा खोलीतली कुजबुज तुटली. आबा आपल्या जागी बसले आणि भिंतीवरचा कोमुझ मागितला. तीन तारा जुळवायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात पोरांनी हात पुसले, बायका सरसावून बसल्या, साइरानंही जर्दाळूंवरून नजर उचलली. आबा गाणार म्हटल्यावर या घरात वाद आपोआप उंबऱ्याबाहेर जातो.

त्यांनी डोंगरावरच्या बर्फाचं गायलं. बर्फ वर एकटा असतो, किती साठलाय ते कुणाला दिसत नाही. उन्हाळा आला की तो वितळतो, आणि कुठल्या शेताला किती दिलं हे ओढ्याला सांगत नाही. शेतं भांडतात, तुझ्याकडे जास्त आलं, माझ्याकडे कमी. ओढा थांबून उत्तर देत बसला असता तर खालच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचला नसता, आणि शेवटच्या वाफ्यालाच सर्वांत जास्त तहान होती. मग तार बदलली, लय चढली, आणि ते त्या पाटकऱ्याचं गाऊ लागले, ज्यानं दोनदा फावडं मारून त्या वाफ्याचं पाणी तोडलं होतं, नियम आहे म्हणून. पाटकरी म्हातारा झाला, आणि एक दिवस त्यानं पाहिलं, की त्याच्या फावड्याखालून, मातीच्या आतून, पाणी कधीचं तिकडेच चाललंय. मग त्यानं फावडं खाली ठेवलं आणि देणाऱ्याचं नाव घेतलं, ज्याच्या हिशेबात चूक होत नाही.

शेवटची तार थरथरत राहिली. गाणं कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं नसेल, पण दाराशी गुलसुन एजे मान खाली घालून बसली होती, आणि आबा गाताना तिच्याकडेच बघत होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

कोमुझ मांडीवर आडवा ठेवून आबांनी तळवे उचलले. आशीर्वाद झाला, आमीन झालं. मग नेहमीच्या व्यवहारी आवाजात त्यांनी वाटे सांगायला सुरुवात केली. "जेक्शेनच्या घरचा वाटा एक मेंढी. कनिशायचा वेगळा नाही. तिचं लग्न होऊन तिची स्वतःची चूल पेटेल, तेव्हा वेगळा."

"आणि आकडा?" रायकान जेंगे म्हणाली. "तुम्ही ऐकलात ना?"

"ऐकला."

"मग?"

"माझ्यापाशी आहे. चांगला आहे. हक्काचा आहे." आबांनी प्याला उचलला. "आणि रायकान, नवरीच्या गाद्या आणि तिला ज्याआड बसवायचं तो पडदा तू बाजारातून आणणार होतीस ना? ते आपल्या गुलसुनच्या दुकानातून यायचे. अकरा गाद्या, एक पडदा. पैसे पूर्ण, आधी निम्मे. भावकीचं म्हणून सूट मागायची नाही."

आपल्या बाजूला कोण आहे ते रायकान जेंगेनं पाहिलं. मघाशी तिच्याबरोबर हसलेली मंडळी आता हाडातला मगज काढण्यात गुंतली होती. जेक्शेन छताकडे बघत होते. साइरानं मात्र दोन आकड्यांच्या भानगडीनंतर पहिल्यांदाच ताठ मानेनं सगळ्या खोलीवरून नजर फिरवली.

हरण्यातही जेंगे पटकन सावरायची, तो तिचा गुण होता. ती उठली, परात बाजूला ठेवली आणि समोवारापाशी येऊन एजेशेजारी मांडी घालून बसली. थाळीतल्या जम्बशकडे तिनं एकदा पाहिलं, एजेनं त्यातलं मांस सोडवायला घेतलं होतं.

"बरं, गादीला काय घेतेस?"

एजेनं दर सांगितला. न चाचरता, कापूस वेगळा, शिलाई वेगळी.

"दर बरा आहे," जेंगे म्हणाली. कनिशायनं श्वास सोडला. पण जेंगे अजून उठली नव्हती. ती आणखी जवळ सरकली आणि बायका आपसात बोलतात तशा मवाळ आवाजात म्हणाली, "आणि महिन्याकाठी तुला सुटतात किती गं? मला एकटीला सांग. माझ्या पोटातून बाहेर जायचं नाही."

एजे हसली. कनिशायनं तिला असं हसताना पाहिलं होतं ते जर्दाळूंच्या ट्रकच्या चाकामागे, फार वर्षांपूर्वी. तिनं चहादाणी उचलली, जेंगेचा प्याला हातात घेतला आणि ओतू लागली. अर्ध्यावर थांबली नाही. सावकाश, प्रेमानं, एक थेंबही न सांडता तिनं तो काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी जेंगेपुढे धरला.